खाटा वाढवण्याआधी खाटांचे तास मोजावेत

२०० खाटांच्या एका सर्वसाधारण रुग्णालयाच्या प्रशासकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रुग्णालय जवळजवळ रोज भरलेले असते. भरती करायचे ठरलेले रुग्ण अपघात विभागात स्ट्रेचरवर सहा-सात तास ताटकळतात. पूर्वनियोजित शस्त्रक्रिया ऐन वेळी पुढे ढकलाव्या लागतात. परिचारिका थकल्या आहेत, डॉक्टर चिडले आहेत आणि आता विश्वस्तांपुढे ४० खाटांचा नवा मजला बांधण्याचा प्रस्ताव आला आहे. तो मान्य करावा, की आहे त्यातच काही मार्ग निघू शकतो?

माझे मत असे की तो प्रस्ताव निदान तीन महिने बाजूला ठेवावा आणि तेवढ्या अवधीत एकच गोष्ट नीट मोजावी: प्रत्येक खाट दिवसाच्या २४ तासांपैकी किती तास उपचारांसाठी वापरली जाते आणि किती तास ती नुसती कोणाची तरी किंवा कशाची तरी वाट पाहण्यात जाते. रुग्णालयात ज्याला आपण खाटांची टंचाई म्हणतो ती बहुतेक वेळा तासांची गळती असते, आणि ही गळती एका विभागाकडून दुसऱ्या विभागाकडे रुग्ण सोपवला जाताना होते. विभागांच्या आत प्रत्येक जण आपले काम करतच असतो. दोन विभागांच्या मधल्या वेळेला मात्र कोणी धनी नसतो.

आधी साधे गणित पाहू. कोणत्याही रुग्णालयात सरासरी किती खाटा भरलेल्या राहतील, हे दोनच आकड्यांवर ठरते: रोज सरासरी किती रुग्ण भरती होतात आणि एक रुग्ण सरासरी किती दिवस राहतो. या दोहोंचा गुणाकार केला की उत्तर मिळते. रांगांच्या शास्त्रात हा नियम जॉन लिटल यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी त्याची सिद्धता १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे रोज ४० भरती होतात आणि सरासरी मुक्काम साडेचार दिवसांचा आहे असे धरले, तर १८० खाटा सतत भरलेल्या राहतात, म्हणजे ९० टक्के. तोच मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी होऊन चार दिवसांवर आला तर तेवढ्याच रुग्णांना १६० खाटा पुरतात आणि भरणा, म्हणजे भरलेल्या खाटांचे प्रमाण, ८० टक्क्यांवर येतो. वीस खाटा मोकळ्या झाल्या, म्हणजे प्रस्तावातला निम्मा मजला एकही वीट न लावता मिळाला. अर्धा दिवस ही मोठी उडी वाटत असेल तर केवळ चार तासांचा विचार करावा. रोजच्या ४० रुग्णांचे प्रत्येकी चार तास वाचले तर १६० खाटातास वाचतात, म्हणजे साडेसहाहून अधिक खाटा. आणि चार तास वाचवण्यासाठी उपचारांत काडीचाही बदल करावा लागत नाही. ते कुठे सांडतात हे पुढे सांगतो.

९० टक्के भरणा म्हणजे १० टक्के खाटा शिल्लक आहेत, मग खोळंबा का होतो, असा प्रश्न विश्वस्तांपैकी कोणीतरी हमखास विचारतो. त्याचे उत्तर चढ-उतारात आहे. रोज सरासरी ४० भरती म्हणजे रोज बरोबर ४० नव्हेत. एखाद्या दिवशी ३२ येतील, एखाद्या दिवशी ४९. डेन्मार्कचे गणितज्ञ अर्लांग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी कोपनहेगनच्या टेलिफोन केंद्रासाठी हेच कोडे सोडवले: कॉल कधी येतील ते सांगता येत नसताना लाइन किती ठेवाव्यात. एकाच खिडकीच्या सर्वांत साध्या रांगेत खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल तर सरासरी प्रतीक्षा ही एका ग्राहकाला लागणाऱ्या वेळेच्या चौपट होते. ९० टक्क्यांवर ती नऊपट होते आणि ९५ टक्क्यांवर एकोणीसपट. रुग्णालयात खिडक्या अनेक असल्यामुळे आकडे इतके तीव्र नसतात, परंतु वक्राचा आकार तोच राहतो: शेवटच्या काही टक्क्यांत प्रतीक्षा एकदम उसळते. १९९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संगणकीय अभ्यासात असे दिसले की तातडीच्या भरतीसाठी भरणा साधारण ८५ टक्क्यांच्या वर गेला की धोका जाणवू लागतो आणि ९० टक्क्यांच्या वर गेला की खाटा संपण्याचे प्रसंग नियमित येऊ लागतात. त्या ८५ चे पुढे अनेकांनी ब्रह्मवाक्य केले. ते तसे नाही. दहा खाटांच्या आयसीयूला ८५ टक्के भरणा फार झाला, तर ज्या वॉर्डात सगळ्याच भरती ठरवून होतात तिथे ९५ टक्केही खपून जातात.

आता मोजण्याबद्दल. बहुतेक रुग्णालये भरणा मध्यरात्री मोजतात, कारण बिल दिवसांवर निघते आणि रात्री बाराची गणना सोयीची असते. परंतु मध्यरात्र ही रुग्णालयाची सर्वांत शांत वेळ असते. घरी जाणारे तोवर गेलेले असतात आणि नवे आलेले स्थिरावलेले असतात. खरी घुसमट सकाळी अकरा ते दुपारी तीनच्या दरम्यान होते: सकाळच्या शस्त्रक्रियांचे रुग्ण ओटीतून (शस्त्रक्रियागृहातून) बाहेर येतात, ओपीडीतून भरतीच्या चिठ्ठ्या येतात, अपघात विभागात रात्रीचे काही रुग्ण अजून पडून असतात आणि ज्यांना घरी जायचे आहे ते अजून खाटेवरच बसलेले असतात. मध्यरात्री ८८ टक्के भरलेला वॉर्ड दुपारी एक वाजता प्रत्यक्षात १०५ टक्के मागणीखाली असू शकतो, आणि मासिक अहवालात त्याचा मागमूसही नसतो. म्हणून दर दोन तासांनी, निदान दोन आठवडे, वॉर्डनिहाय गणना करून पाहावी. संगणकावर विसंबून राहू नये. पडद्यावर मोकळी दिसणारी खाट प्रत्यक्ष पाहिली तर तिच्यावर वापरलेली चादर असते, किंवा सलाइनचा स्टँड अडकलेला असतो, किंवा शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक झोपलेले असतात.

सर्वांत जास्त तास सांडतात ते डिस्चार्जमध्ये. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण पैसे न लागता सर्वाधिक लाभ इथेच मिळतो आणि तरीही प्रशासन याच्याकडे कारकुनी बाब म्हणून पाहते.

पोटाची शस्त्रक्रिया होऊन बरा झालेला एक रुग्ण घ्या. सकाळी साडेनऊला वरिष्ठ डॉक्टर राउंडवर येतात, जखम पाहतात आणि म्हणतात, "आज घरी जायला हरकत नाही." रुग्णाच्या आणि नातेवाइकांच्या लेखी डिस्चार्ज त्या क्षणी झाला. वॉर्डच्या लेखी तो आता सुरू झाला. निवासी डॉक्टर उरलेला राउंड संपवून अकराला मोकळे होतात, तेवढ्यात त्यांना ओपीडीत बोलावले जाते. डिस्चार्ज समरी, म्हणजे आजाराचा आणि उपचारांचा सारांश, ते साडेबाराला लिहायला बसतात. लिहिताना लक्षात येते की बायोप्सीचा अहवाल आलेला नाही. तो आज लागणार नसतोच, पण समरीत तशी नोंद करावी की थांबावे हे विचारायला वरिष्ठ फोन उचलत नाहीत, कारण ते ओटीत आहेत. एक वाजता समरी तयार होते. मग न वापरलेली औषधे फार्मसीला परत जातात, कारण त्याशिवाय बिल बंद होत नाही. फार्मसीत ती मोजून घेणारा माणूस जेवायला गेलेला असतो. दोनला बिल निघते. विमा असेल तर अंतिम मंजुरीसाठी कागद पुढे जातात आणि त्याला दीड-दोन तास लागतात. दरम्यान सिस्टर औषधे कशी घ्यायची हे समजावायला येतात, तर समजून घेणारा मुलगा बिलाच्या खिडकीवर उभा असतो. साडेचारला रुग्ण निघतो. खाट रिकामी झाल्याचे सफाई विभागाला पाळी बदलल्यावर पाचला कळते. साफ होऊन चादर बदलली जाते पावणेसहाला. आणि ती तयार असल्याचे अपघात विभागाला साडेसहाला कळते. साडेनऊ ते साडेसहा म्हणजे नऊ तास. यातले प्रत्यक्ष काम जेमतेम दीड तासाचे आहे.

या साखळीत कोणीही कामचुकारपणा केलेला नाही, ही गोष्ट विश्वस्तांना समजावून सांगावी लागते. दोष असा की सगळ्या पायऱ्या एकामागून एक लावलेल्या आहेत आणि पहिली पायरी राउंडच्या वेळी सुरू होते. प्रत्यक्षात यातल्या बहुतेक गोष्टी आदल्या संध्याकाळी होऊ शकतात. त्यासाठी एक सवय लावावी लागते: भरतीनंतर २४ तासांच्या आत वरिष्ठ डॉक्टरांनी घरी जाण्याची अपेक्षित तारीख केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहावी, आणि तिच्या खाली हा रुग्ण घरी जाण्यासाठी काय काय साध्य व्हायला हवे तेही लिहावे: ताप २४ तास उतरलेला, तोंडाने अन्न घेतो, स्वतः चालत स्वच्छतागृहापर्यंत जातो, नळी काढलेली. तारीख चुकली तर बदलावी; परंतु कोरी ठेवू नये. तारीख लिहिली की संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टरना उद्या कोण जाणार हे ठाऊक असते आणि समरीचा मसुदा, औषधांची परती, त्या दिवसापर्यंतचे बिल, घरी न्यायच्या औषधांची चिठ्ठी आणि नातेवाइकांना "उद्या दहापर्यंत या" हा निरोप, एवढे रात्री आठच्या आत उरकते. सकाळी उरते ती फक्त डॉक्टरांची शेवटची तपासणी आणि सही. निकष लिहिलेले असल्यामुळे आणखी एक लाभ होतो: वरिष्ठ ओटीत असले तरी निकष पूर्ण झाल्याचे पाहून निवासी डॉक्टर रुग्णाला सोडू शकतात, आणि हे रविवारीही होऊ शकते.

राउंडचा क्रमही बदलावा लागतो. पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत क्रमाने जाण्याची पद्धत वहीसाठी सोयीची आहे, रुग्णालयासाठी नाही. आधी अत्यवस्थ रुग्ण, मग आज घरी जाणारे, मग उरलेले. इतक्या बदलानेही डिस्चार्जची सुरुवात तासा-दीड तासाने अलीकडे येते. वरिष्ठ मंडळी आरंभी कुरकुरतात. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याच रद्द झालेल्या शस्त्रक्रियांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी, आणि प्रत्येक रद्द शस्त्रक्रियेसमोर त्या दिवशी त्यांच्याच वॉर्डात दुपारनंतर रिकाम्या झालेल्या खाटांची वेळ लिहावी.

घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी वेगळे प्रतीक्षाकक्ष काढणे हा उपाय काही ठिकाणी उपयोगी पडतो, परंतु मी तो शेवटी ठेवतो. त्यात कागद रखडण्याचा मूळ दोष तसाच राहतो, रुग्ण फक्त खाटेवरून खुर्चीवर येतो. आणि त्या कक्षात लक्ष ठेवायला परिचारिका नसेल तर तिथे रुग्ण कोसळल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आता भरतीच्या बाजूकडे वळू. तातडीच्या रुग्णांचा ओघ आपल्या हाती नाही, अशी तक्रार सर्वत्र असते. ती खरी आहे. पण आपल्या नोंदी काढून पाहाव्यात. तातडीच्या भरती आठवड्याच्या वारांनुसार आणि तासांनुसार बऱ्याच प्रमाणात अंदाजात बसतात, आणि अनेकदा जास्त हेलकावे असतात ते आपण स्वतः ठरवून केलेल्या भरतींमध्ये. युजीन लिटव्हाक हे अभ्यासक गेली अनेक वर्षे हेच सांगत आले आहेत: आजार ओढवतात तो चढ-उतार नैसर्गिक, आणि शस्त्रक्रियांचे वेळापत्रक सोयीनुसार लावल्यामुळे होतो तो कृत्रिम, पहिला सोसावा लागतो, दुसरा काढून टाकता येतो.

एक उदाहरण पाहू. सांधेबदलाच्या आठवड्याला दहा शस्त्रक्रिया होतात आणि प्रत्येक रुग्ण चार रात्री राहतो. शल्यचिकित्सकांच्या सोयीने पाच सोमवारी आणि पाच मंगळवारी ठेवल्या तर सोमवारी रात्री पाच खाटा लागतात, मंगळवार, बुधवार आणि गुरुवारी दहा, शुक्रवारी पाच आणि शनिवार-रविवारी शून्य. त्याच दहा शस्त्रक्रिया सोमवार ते शुक्रवार रोज दोन अशा वाटल्या तर सर्वांत जास्त गर्दीच्या रात्रीही आठच खाटा लागतात, आणि सर्वांत मोकळ्या रात्री चार. खाटांच्या एकूण रात्री दोन्ही पद्धतींत ४० च भरतात, पण दोन खाटा आपोआप सुटल्या, आणि मंगळवार ते गुरुवार अपघात विभागाशी होणारी झटापट कमी झाली. हे फक्त एका विशेषज्ञतेचे झाले. सर्व शल्यविभागांचे वेळापत्रक एकत्र मांडले की आठवड्याच्या मध्यावर उभा राहणारा डोंगर कशाने बनला आहे ते उघड दिसते. बदल घडवणे मात्र अवघड आहे, कारण ओटीच्या वेळा हे वरिष्ठतेचे मानचिन्ह असते. कोणाचा वार काढून घ्यायचा हा प्रश्न वैद्यकीय अधीक्षकांनी स्वतः हाताळावा. तो समितीकडे सोपवला की भिजत घोंगडे झालेच.

आयसीयूबद्दल थोडक्यात. आयसीयूत खाट नाही म्हणून ओटी थांबते, असे जेव्हा सांगितले जाते तेव्हा आधी आयसीयूत असे किती रुग्ण आहेत ज्यांना वॉर्डात हलवायचे ठरले आहे पण वॉर्डात जागा नाही, ते विचारावे. पुष्कळदा दोन-तीन निघतात. म्हणजे आयसीयूची टंचाई ही वॉर्डाच्या उशिरा होणाऱ्या डिस्चार्जची सावली असते, आणि महागातली महाग खाट ही कोणी जेवायला गेल्यामुळे रखडलेल्या कागदासाठी अडकून पडलेली असते.

वॉर्डांची विभागणी हाही एक दुर्लक्षित मुद्दा आहे. प्रत्येक विशेषज्ञाला आपला स्वतंत्र वॉर्ड हवा असतो. गणिताच्या दृष्टीने त्याची किंमत मोठी आहे. रुग्ण स्वतंत्रपणे, यादृच्छिक येतात असे धरले तर सरासरी १६ रुग्ण असणाऱ्या वॉर्डात चढ-उताराचे माप १६ च्या वर्गमुळाएवढे, म्हणजे चार असते. जागा क्वचितच कमी पडावी एवढी सोय ठेवायची तर त्याच्या दुप्पट, म्हणजे आठ खाटा जादा लागतात: एकूण २४. असे चार वॉर्ड म्हणजे ९६ खाटा. तेच चार वॉर्ड एकत्र केले तर सरासरी ६४ रुग्ण, चढ-उतार आठ आणि गरज ८० खाटांची. सोळा खाटांचा फरक केवळ भिंतींमुळे पडतो. तरीही सगळे वॉर्ड सरसकट एक करावेत असे मी सुचवणार नाही. हृदयविकाराचा रुग्ण अस्थिरोगाच्या वॉर्डात टाकला की तिथल्या सिस्टरना त्याची औषधे आणि धोक्याच्या खुणा सवयीच्या नसतात, त्याचे डॉक्टर राउंडच्या शेवटी कधीतरी तिथे पोहोचतात आणि तो रुग्ण जास्त दिवस राहतो. म्हणजे खाट वाचवायला गेलो आणि मुक्काम वाढवून बसलो. मधला मार्ग असा की दोन-तीन जवळच्या विशेषज्ञतांची जोडी ठरवावी, त्यांच्या परिचारिकांना एकमेकींच्या कामाचे प्रशिक्षण द्यावे आणि जागा कमी पडली तर रुग्ण त्या जोडीतच जाईल, बाहेर नाही, असा नियम करावा.

आता ज्याविषयी बैठकीत कोणी बोलत नाही ती गोष्ट: वॉर्डात रिकामी खाट दडवली जाते. खाट साफ झाली आहे, पण ती तासभर उशिरा कळवली जाते. किंवा "रुग्ण अजून जायचा आहे" असे सांगितले जाते. प्रशासकांना हे कळले की पहिला विचार कारवाईचा येतो. तो आवरावा. दोन सिस्टर तीस रुग्ण सांभाळत असतील तर नवा रुग्ण लवकर घेतल्याचे बक्षीस काय, तर आणखी काम. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. सिस्टरना हा आकडा ठाऊक नसेल, पण अनुभव ठाऊक असतो. खाट दडवणे ही त्यांनी आपल्या रुग्णांची केलेली राखण असते. यावर उपाय म्हणजे नवा रुग्ण कोणत्या वॉर्डात जाईल हे रिकाम्या खाटेबरोबरच त्या पाळीतल्या मनुष्यबळावर आणि असलेल्या रुग्णांच्या गांभीर्यावर ठरवणे. तसे प्रामाणिकपणे घडताना दिसले की दोन-तीन आठवड्यांत खाटा आपोआप उघड होऊ लागतात.

हे ठरवणार कोण? त्यासाठी एक व्यक्ती लागते, समिती नव्हे. खाटांचे वाटप हे पूर्णवेळ काम असलेली, वॉर्डात प्रत्यक्ष काम केलेली वरिष्ठ परिचारिका या पदावर असावी. तिला कोणत्याही विभागप्रमुखाला "ही खाट आज तुमच्या रुग्णाला मिळणार नाही" असे सांगण्याचा अधिकार लेखी दिलेला असावा. आणि तिचा निर्णय फक्त वैद्यकीय अधीक्षक बदलू शकतील, तेही कारण नोंदवून. पहिल्या महिन्यात कोणीतरी वजनदार डॉक्टर तिला डावलून थेट अधीक्षकांना फोन करतात. त्या फोनला अधीक्षक काय उत्तर देतात यावर त्या पदाचे भवितव्य ठरते. तिथे कच खाल्ली तर ते पद दुसऱ्या दिवसापासून नुसती खाटांची वही लिहिणारे पद होते.

तिच्या कामाचा कणा म्हणजे सकाळी साडेआठची पंधरा मिनिटांची उभ्याने घेतलेली बैठक. प्रत्येक वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर, अपघात विभाग, ओटी, आयसीयू, सफाई आणि बिलिंग यांचे एकेक माणूस. प्रत्येकाने चारच गोष्टी सांगायच्या: आता किती रुग्ण आहेत, बारापर्यंत किती जातील, दिवसभरात किती येणार आहेत आणि कशामुळे अडले आहे. अडथळा रुग्णाच्या खाटक्रमांकासह सांगायचा: "१४ नंबरचा रुग्ण इको (हृदयाची सोनोग्राफी) न झाल्यामुळे दोन दिवस थांबला आहे." त्या एका वाक्यासाठीच ही बैठक असते. चर्चा तिथे करायची नाही. कोण पाहणार तेवढे ठरवायचे आणि दुपारी दोनला फोनवर फेरआढावा घ्यायचा. हे अडथळे महिनाभर वहीत नोंदवले की तपासण्यांच्या कोणत्या विभागात खरी कोंडी आहे ते समजते, आणि कधी कधी असे दिसते की ४० खाटांच्या मजल्यापेक्षा एक इको तंत्रज्ञ आणि रविवारी चालणारी प्रयोगशाळा जास्त उपयोगाची आहे.

उद्दिष्टे ठरवताना सावध राहावे. इंग्लंडमध्ये अपघात विभागातील रुग्ण चार तासांत भरती व्हावा, घरी जावा किंवा दुसरीकडे हलवला जावा असा दंडक घातला गेला; २००४ पासून ९८ टक्के रुग्णांसाठी तो बंधनकारक होता आणि २०१० मध्ये ते प्रमाण ९५ टक्क्यांवर आणले गेले. प्रतीक्षा खरोखरच घटली, हे मान्य करायला हवे. परंतु चार तास पुरे होण्याच्या आधीच्या काही मिनिटांत हलवलेल्या रुग्णांची संख्या एकदम उसळलेलीही नोंदींत दिसली, म्हणजे काही निर्णय घड्याळाकडे पाहून होत होते. म्हणून "बाराच्या आत इतके डिस्चार्ज" असा आकडा वॉर्डांच्या माथी मारण्यापूर्वी विचार करावा. तसा आकडा दिला की आदल्या संध्याकाळी जाऊ शकणारा रुग्ण सकाळच्या हिशेबासाठी रात्रभर ठेवून घेतला जातो. वेळ मोजायची ती डिस्चार्जच्या निर्णयापासून पुढचा रुग्ण त्या खाटेवर येईपर्यंत, आणि तिच्या शेजारी कायम दुसरा आकडा ठेवायचा: घरी गेलेल्यांपैकी ३० दिवसांत पुन्हा भरती झालेले किती. पहिला आकडा घटताना दुसरा वाढू लागला तर घाई होते आहे असे समजावे आणि तिथल्या तिथे थांबावे.

हे सगळे करूनही खाटा अपुऱ्या पडू शकतात, आणि तेव्हा त्या वाढवायला मी विरोध करणार नाही. तीन महिन्यांनंतर, दुपारची गणना ८५ टक्क्यांच्या वर सातत्याने राहत असेल, वाट पाहण्यात जाणारे तास एकूण खाटातासांच्या अल्प हिश्शावर आले असतील आणि ठरवून केलेल्या भरती आठवडाभर सपाट पसरलेल्या असतील, तर मागणी खरी आहे. तेव्हाही सर्व ४० खाटा साध्या वॉर्डाच्या कराव्यात का, हे आपल्याच नोंदींवरून ठरवावे. अडथळ्यांच्या वहीत आयसीयूतून बाहेर पडूनही बारकाईने लक्ष ठेवावे लागणारे रुग्ण वारंवार दिसत असतील तर आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधल्या दर्जाचा दहा-बारा खाटांचा कक्ष जास्त उपयोगी पडतो.

मनुष्यबळाचा हिशेब बांधकामाच्या आधी मांडावा. चोवीस तास एक परिचारिका उभी ठेवायची तर आठवड्याला आठ तासांच्या २१ पाळ्या भरतात; सहा पाळ्या करणारी एक परिचारिका धरली तरी साडेतीन जणी लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले तर चारहून अधिक. ४० खाटांना दर पाळीला प्रत्येक सहा रुग्णांमागे एक या हिशेबाने सात परिचारिका हव्यात, म्हणजे नेमणुका जवळपास तीसच्या घरात जातात. त्या मिळण्याची आणि टिकण्याची खात्री नसेल तर नव्या मजल्यावरचे रुग्ण सांभाळायला जुन्या वॉर्डांतल्याच सिस्टर ओढल्या जातील, आणि ज्या वॉर्डांत आज खाटा दडवल्या जातात तिथे उद्या त्या उघडपणे बंद ठेवाव्या लागतील. म्हणून प्रस्तावात बांधकामाच्या खर्चाच्या पानाआधी परिचारिकांच्या नेमणुकांच्या वेळापत्रकाचे पान असावे: कोणत्या महिन्यात किती नेमणुका, किती जणींचे प्रशिक्षण पूर्ण, आणि त्यानुसार मजला दहा-दहा खाटांच्या टप्प्यांनी कधी उघडायचा.